ज्वालेच्या शेजारची वीज

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९०५ साली, शहराला वीज पुरविणारी व विजेच्या ट्रामगाड्या चालविणारी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून आजतागायत गॅस आणि वीज या दोन शक्तींचा कारभार आपल्याकडे दोन निरनिराळ्या दफ्तरांतून आणि दोन निरनिराळ्या कारागिरांच्या हातून चालत आलेला आहे. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरमधला गॅस मुंबईच्या स्वयंपाकघरांत आणला, १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन पुढे नळाचा गॅसही घरोघर पोहोचू लागला, तरी ही विभागणी मोडली नाही. आणि ती मोडण्याचे कारणही नव्हते, कारण शेगडी काडीने पेटत असे, बंब लाकडाने तापत असे, आणि भिंतीवरचा विजेचा दिवा व ओट्यावरची ज्वाला यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसे.

आज तो संबंध जडला आहे, आणि तो इतक्या सहजपणे जडला की घरमालकाच्या तो ध्यानातही आला नाही. ओट्यात बसविलेली काचेची शेगडी बटण दाबताच पेटते, गॅसच्या ओव्हनमध्ये दिवा लागतो आणि भाजण्याचा गज फिरतो, धूर बाहेर फेकणारा पंखा असलेला गिझर विजेवाचून सुरूच होत नाही; म्हणजे एकाच पत्र्याच्या पेटीत एका बाजूने गॅसची नळी शिरते आणि दुसऱ्या बाजूने २३० व्होल्टची वायर. गॅसवाला वायरीकडे पाहत नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. वायरमन नळीला हात लावत नाही, कारण तसे करण्याची त्याला मुभा नाही. आणि या दोघांच्या अखत्यारीच्या मधोमध जी निर्मनुष्य पट्टी उरते, तिच्यात धोका निर्धास्तपणे नांदतो. अशा उपकरणाची विद्युत्-परीक्षा करायची म्हणजे घरातील वायरिंग आणि उपकरण ही दोन्ही मिळून एकच यंत्र आहे असे गृहीत धरून ती करावी लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रथम वीज तेथे कोणती कामे करते ते पाहू. ठिणगी पाडणे, गॅसची झडप उघडून धरणे, ज्योत खरोखर पेटली आहे की नाही हे ओळखणे आणि क्वचित पंखा फिरविणे, एवढीच ती कामे. पण ती करण्यासाठी वीज कोठून येते यावर धोक्याचे स्वरूप अवलंबून असते. आपल्या हातातील साधा लायटर बाहेरून वीज घेतच नाही. काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्-भार उत्पन्न होतो, हा जो गुण पियेर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला, त्याच्याच आधारे अंगठ्याच्या दाबातून ठिणगी उडते. दुसरा वर्ग बॅटरीचा. न्हाणीघरातील साध्या गॅस गिझरच्या तळाशी दीड व्होल्टचे दोन सेल असतात. नळ उघडला की वाहत्या पाण्याच्या जोराने आतील रबरी पडदा सरकतो, तो एक इवलासा स्विच दाबतो, सर्किट जागे होऊन टक्‌टक् ठिणग्या पडू लागतात, त्याच वेळी विद्युत्-चुंबकाने गॅसची झडप उघडते, आणि ज्योतीत बुडालेल्या धातूच्या कांडीने पेटल्याची ग्वाही दिली नाही तर काही सेकंदांतच झडप मिटते. तीन व्होल्टांच्या या व्यवस्थेत ठिणगीच्या वायरीला बोट लागल्यास माणूस दचकेल खरा, पण त्याच्या जिवाला त्यापासून भय नाही. तिसरा वर्ग भिंतीतल्या प्लगावर चालणाऱ्या उपकरणांचा, आणि विद्युत्-सुरक्षेची खरी कसोटी लागते ती येथे.

या कसोटीचे गांभीर्य समजण्यासाठी दोन आकडे पुरेत. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे चार्ल्स डॅल्झिएल या अभियंत्याने विजेचा धक्का आणि मानवी शरीर यांचा पद्धतशीर अभ्यास केला. अशा अभ्यासांतून ठरलेला सर्वसाधारण हिशेब असा की, सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला तर झिणझिण्या जाणवतात, दहा ते पंधरा मिलिअँपिअरच्या घरात स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि तिसाच्या पुढचा प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचे भय उत्पन्न होते. घरातील लहानशा दिव्यालाही याहून अधिक प्रवाह लागतो. दुसरा आकडा गॅसचा: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला गॅस पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल इतकी क्षुल्लक ऊर्जा पुरते, आणि दिव्याचे बटण वरखाली करताना आत जी ठिणगी उडते तिच्यात ती सहज असते. सिलिंडरमधील गॅस हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेऊ शकतो, नळाचा नैसर्गिक गॅस पाच टक्क्यांपासून पुढे. शिवाय नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे चढतो, तर सिलिंडरमधील गॅस जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. आता नव्या पद्धतीच्या ओट्याखालचे कपाट उघडून पाहावे: पुष्कळ घरांत शेगडीचा प्लग आणि सिलिंडर या एकाच बंद कपाटात गुडघ्याच्या उंचीवर शेजारी शेजारी आढळतात. सुताराने जागा वाचविली, आणि वर सांगितलेले दोन्ही धोके एका दाराआड बंद केले.

कारखान्यातून उपकरण बाहेर पडण्यापूर्वी त्याची परीक्षा होते, आणि ती कडक असते, हे नमूद केलेच पाहिजे. विजेच्या घरगुती उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाचे ६०३३५ क्रमांकाचे मानक आहे. त्याचा एक स्वतंत्र भाग, दुसऱ्या खंडातील १०२ वा, केवळ विजेची जोडणी असलेल्या इंधन-उपकरणांसाठी लिहिलेला आहे, आणि आपल्याकडील आयएस ३०२ हे मानक त्याच कुळातले आहे. त्यातील काही परीक्षा सामान्य वाचकालाही रंजक वाटतील. उपकरणाच्या धातूच्या अंगापासून त्याच्या अर्थिंगच्या जोडणीपर्यंतची वाट खरोखर अखंड आहे की नाही हे पाहण्यासाठी बारा व्होल्टांहून अधिक नसलेल्या दाबाने पंचवीस अँपिअर किंवा त्याहून मोठा प्रवाह त्या वाटेने सोडतात, आणि रोध एक दशांश ओहमपेक्षा अधिक भरला तर उपकरण नापास होते. एवढा मोठा प्रवाह सोडण्याचे कारण असे की, एका तंतूने लोंबकळणारी वायर साध्या मीटरला फसवू शकते, पंचवीस अँपिअरला नाही. ४८ तास ९३ टक्के आर्द्रतेच्या कोठडीत उपकरण ठेवून, म्हणजे जणू कोकणातील आषाढाचे दोन दिवस त्याला भोगायला लावून, लगेच त्याच्या इन्शुलेशनवर हजाराहून अधिक व्होल्टांचा दाब एक मिनिटभर देतात. स्वयंपाकात ज्यावर काही ना काही सांडणारच अशा उपकरणावर सुमारे एक टक्का मीठ विरघळविलेले पाणी मुद्दाम ओततात आणि त्यानंतर आतील विद्युत्-भाग कोरडे व अभंग राहिले की नाही याची खातरजमा करतात. आपल्या घरी हीच परीक्षा उतू जाणारी आमटी दर आठवड्याला घेत असते, फरक इतकाच की येथे निकाल कोणी लिहून ठेवीत नाही. आणि उपकरण चालू असताना त्याच्या अंगातून जमिनीकडे किती प्रवाह झिरपतो, तोही मोजून मिलिअँपिअरच्या मर्यादेत आहे असे पाहिले जाते.

परंतु या सर्व परीक्षांच्या मुळाशी एक अध्याहृत अट असते, आणि ती अशी की ज्या भिंतीतल्या प्लगात हे उपकरण जोडले जाईल त्या भिंतीत खरेखुरे अर्थिंग असेल. आतील फेजची वायर झिजून पत्र्याला टेकली तर प्रवाहाने अर्थिंगच्या सोप्या वाटेने जमिनीत जावे आणि त्या मोठ्या प्रवाहामुळे एमसीबी पडावा, ही मूळ कल्पना. भिंतीत अर्थिंग नसेल तर तोच पत्रा २३० व्होल्ट अंगावर घेऊन निमूट बसतो, शेगडी पूर्वीप्रमाणेच पेटते, कसलीही खूण दिसत नाही, आणि ओल्या हाताने, अनवाणी, नळाला स्पर्श करीत काम करणाऱ्या माणसाच्या देहातून ती राहून गेलेली वाट पूर्ण होते. ‘शेगडीला करंट येतोय’ अशी जी तक्रार घरातील बाई चारदा करते आणि जी घरातील इतर मंडळी चारदा हसण्यावारी नेतात, ती बहुधा या अवस्थेची पहिली वर्दी असते. बॅटरीवर चालणारे उपकरण कारखान्याच्या परीक्षेत जसे उतरते तसेच घरीही राहते; प्लगावर चालणाऱ्या उपकरणाची मात्र निम्मी सुरक्षा भिंतीत असते, आणि त्या निम्म्या भागाची तपासणी कोणत्याही कारखान्याला करता येत नाही.

म्हणून जाणता वायरमन अशा शेगडीची तपासणी कशी करतो ते जवळून पाहण्यासारखे असते. आल्याबरोबर तो मीटर काढीत नाही; गॅसचा वास येतो का हे पाहतो, नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावायला सांगतो, आणि गॅसचा कॉक बंद करवून मगच प्लग ओढून काढतो. प्लग हातात आला की प्रथम डोळ्यांनी परीक्षा: वायर बर्नरच्या बुडाजवळून गेल्याने कडक झाली आहे का, ती उंदराने कुरतडली आहे का, कोणी तिसरी जाड पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात प्लग कोंबला आहे का. मग मीटरचे एक टोक त्या जाड पिनेवर आणि दुसरे शेगडीच्या बुडाच्या स्क्रूवर, रंग किंवा गंज खरवडून. येथे रोध शून्याजवळ आला पाहिजे. त्यानंतर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये शॉर्ट नाही ना, हे पाहून तो मेगर काढतो. इन्शुलेशन मोजण्याचे हे उपकरण सिडनी एव्हरशेड या इंग्रज अभियंत्याच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या कामातून आले, आणि त्याचे व्यापारी नाव आमच्या वायरमनांच्या तोंडी इतके रुळले की कोणत्याही बनावटीच्या यंत्राला ते मेगरच म्हणतात. फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडून, त्या जोडीपासून अर्थिंगपर्यंत ५०० व्होल्टांचा दाब देऊन रोध मोजायचा, आणि तो एक मेगओहमच्या खाली उतरला तर शेगडी प्लगात परत घालायची नाही, असा सर्वसाधारण दस्तूर आहे. दोन्ही पिना एकत्र जोडण्याचे कारण विसरता कामा नये: तसे न करता फेज आणि न्यूट्रलच्या दरम्यान ५०० व्होल्ट दिले, तर आतील नाजूक इलेक्ट्रॉनिक सर्किट तपासणीतच कामी येते.

इतके झाल्यावर तो भिंतीकडे वळतो, आणि तपासणीचा महत्त्वाचा अर्धा भाग येथे सुरू होतो. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिले असता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असले पाहिजे. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंगही तितकेच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग फार तर दोन-चार व्होल्ट, अशी तीन मापे मिळाली तर प्राथमिक समाधान मानता येते. फेज ते अर्थिंग मधलेच काहीतरी, साठ किंवा शंभर, दिसले तर वरच्या छिद्रातील वायर कोठेही पोहोचत नाही असे समजावे. घरोघरी असणारा निऑनचा टेस्टर येथे उपयोगाचा नाही. तो फेज कोठे आहे एवढेच सांगतो, अर्थिंग आहे की नाही याविषयी तो मुका आहे. आणि मीटरने दिलेली तीनही मापे ठीक आली तरी एक कसूर त्यांच्या आड लपू शकतो, तो म्हणजे काही कारागिरांनी केलेली लबाडी: अर्थिंगची वायर ओढण्याचा खर्च टाळण्यासाठी सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थिंगच्या छिद्राला जोडून देणे. मीटर अशा वेळी उत्तम अर्थिंग दाखवितो. न्यूट्रल आणि अर्थिंगमधले माप नेमके शून्य येते, आणि हे शून्यच अनुभवी माणसाच्या मनात संशय उत्पन्न करते. पुढे केव्हातरी जिन्याखालच्या पेटीतील न्यूट्रल ढिला झाला, की घरातील चालू असलेल्या एखाद्या उपकरणाच्या मार्गाने फेज त्या तुकड्यातून शेगडीच्या पत्र्यावर येऊन बसतो. म्हणून सॉकेट उघडून पाहिल्यावाचून तपासणी पुरी होत नाही. याच्या जोडीचा दुसरा अपराध म्हणजे अर्थिंगची वायर गॅसच्या पाइपला गुंडाळणे. गॅसचा नळ अर्थिंगसाठी वापरू नये असा मानकांचा स्पष्ट निषेध असूनही, जवळचा धातू म्हणून ही युक्ती सुचणारे लोक अद्याप आढळतात.

३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी मुख्य बोर्डात असावा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तफावत पडली की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. मात्र अर्थिंग नसलेल्या घरात ती तफावत पडण्यासाठी आधी कोणाला तरी पत्र्याला हात लावावा लागतो, तेव्हा आरसीसीबी हा अर्थिंगचा बदली कारकून नव्हे. त्याच्या अंगावर ‘टी’ असे अक्षर असलेले जे बटण असते ते मधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर तो पडला नाही तर बदलावा.

अर्थिंगचा आणखी एक उपयोग गॅसच्या उपकरणात असतो, आणि तो कारागिरांपैकीही फार थोड्यांना ठाऊक आहे. तापलेल्या ज्योतीत विद्युत्-भारित कण असतात, म्हणून ज्योत स्वतः अल्पशी वीज वाहून नेऊ शकते. कांडी आणि बर्नर यांच्या दरम्यान उलटसुलट प्रवाह दिला, तर कांडी लहान आणि बर्नर मोठा असल्यामुळे एका दिशेने तो अधिक वाहतो, आणि त्यातून काही मायक्रोअँपिअरचा एकदिश प्रवाह उरतो. उपकरण हाच प्रवाह ज्योतीची साक्ष म्हणून स्वीकारते. काजळी किंवा ओल यांच्यामुळे कांडी बर्नरला टेकली तर प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच वाहतो, म्हणून खोटी साक्ष पकडली जाते. प्लगावर चालणाऱ्या अनेक उपकरणांत या प्रवाहाची परतीची वाट बर्नरच्या धातूतून, म्हणजे अर्थिंगच्या जोडणीतून, जाते. अर्थिंग तुटलेले असेल, किंवा काही बनावटींत फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर ज्योत पेटते, पण उपकरणाला ती दिसत नाही; काही सेकंदांत झडप मिटते, मालक तक्रार करतो, महागडे सर्किट बदलले जाते, आणि दोष भिंतीत जसाच्या तसा राहतो.

ब्रिटनमध्ये घर उबदार ठेवणारे गॅसचे बॉयलर जवळजवळ सर्वत्र आहेत, आणि त्यांत पंखा, पंप व इलेक्ट्रॉनिक सर्किट ही तिन्ही असल्यामुळे तेथील गॅसच्या कारागिराला हा विषय टाळताच येत नाही. बॉयलरचा दोष शोधण्यापूर्वी अर्थिंगचे सातत्य, शॉर्ट, फेज-न्यूट्रलचा क्रम आणि जमिनीकडील रोध या चार प्राथमिक परीक्षा त्याने कराव्यात असे त्याला शिकविले जाते. १ एप्रिल २००९ पासून तेथे ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीत नाव असल्यावाचून गॅसचे काम करता येत नाही, आणि १९९८ च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या घरातील गॅस-उपकरणांची दरवर्षी तपासणी करवून तिचा दाखला भाडेकरूला देणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे गॅस कंपन्यांकडून होणाऱ्या तपासणीचा रोख मुख्यतः नळी, रेग्युलेटर, झडप आणि गळती यांवर असतो. तो योग्यच आहे, परंतु त्यानंतर उरलेली विजेची बाजू परवानाधारक वायरमनकडून तपासून घेण्याची तजवीज घरमालकानेच करावी लागते.

दोन इशारे येथे देणे अवश्य आहे. गॅसचा वास येत असेल त्या वेळी कोणतीही विद्युत्-तपासणी करू नये, बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. कॉक किंवा रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून, घराबाहेर येऊन मग कंपनीला किंवा सिलिंडरच्या गॅससाठी असलेल्या १९०६ या तातडीच्या क्रमांकाला कळवावे. आणि विद्युत्-परीक्षेत उत्तीर्ण झालेले उपकरण सर्वांगाने निर्दोष असते असे मानू नये: बॅटरीवरचा गिझर शॉकच्या दृष्टीने निरुपद्रवी असूनही, बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचवून जीव घेऊ शकतो, आणि त्या विषारी वायूचा सुगावा मेगरला लागत नाही. त्यासाठी बाहेरची मोकळी हवा आणि धुराची स्वतंत्र वाट हीच व्यवस्था हवी.

राहता राहिला प्रश्न जबाबदारीचा. एकेका घराने आपले सॉकेट आणि आपली शेगडी नीट ठेवली, तरी अर्थिंगची वायर अखेर इमारतीच्या आवारातील ज्या खड्ड्यात उतरते तो खड्डा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. त्यातील माती चैत्र-वैशाखात वाळते, रोध वाढतो, आणि वरच्या सर्व मजल्यांवरची सुरक्षा एकदमच क्षीण होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या दफ्तरात लिफ्टच्या दुरुस्तीची आणि टाकी धुतल्याची नोंद असते, वार्षिक सभेत रंगाच्या खर्चावर तास दोन तास खल होतो. त्याच दफ्तरात अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध दर उन्हाळ्यात मोजून लिहिण्याचा एक रकाना, आणि प्रत्येक घरात नवे गॅस-उपकरण बसले की सॉकेटच्या तीन मापांचा दुसरा रकाना, एवढी भर घातली तर गॅसवाला आणि वायरमन यांच्यामधली ती बेवारस पट्टी कोणाच्या तरी ताब्यात येईल. या दोन नोंदींचा खर्च एका तुटपुंज्या मासिक वर्गणीच्या आत बसतो; पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घालण्यासाठी सचिवाकडे एका ओळीचा अर्ज पुरतो.